आजीचा चष्मा आणि टीव्हीचं भिंग

नमस्कार श्रोतेहो. जुन्या टीव्हीचं ते मागे आलेलं पोट आठवतंय ना? त्या पोटात पिक्चर ट्यूब. तिच्या मानेत तापलेल्या कॅथोडमधून, म्हणजे ऋण टोकातून, इलेक्ट्रॉन सुटतात, सुटताच एकमेकांना ढकलून फाकायला बघतात. पडद्यावर आदळून चित्र उमटवतात ते हेच, म्हणून फाकले की टिंबाऐवजी डाग. म्हणून वाटेत धातूची नळकांडी, एकापुढे एक, प्रत्येकाला वेगळं व्होल्टेज. मधल्या फटीत विद्युतक्षेत्र असं वाकतं की कडेचे इलेक्ट्रॉन मधोमध वळतात. भिंगच ते, पण काचेचं नव्हे, व्होल्टेजचं! रंगीत सेटमध्ये पडद्याशी पंचवीसेक हजार व्होल्ट, फोकसला, म्हणजे झोत एकवटणाऱ्या नळकांड्याला, त्याच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा. तो हिस्सा हलला की चित्र फिसकटलं.

आता आमच्या गिरगावच्या चाळीतली गंमत. ऐन जुलै, भिंतींना ओल. टीव्ही लावला की पहिली दहा मिनिटं सगळं धूसर, मग आपोआप स्वच्छ. दादा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा. "आलं का?" "नाही!" तोवर सेट तापायचा, चित्र यायचं, श्रेय दादाला. आजीने मात्र नंबर वाढला म्हणून नवा चष्मा करून घेतला. बातम्या धूसरच.

शेवटी मेकॅनिक आला. आधी त्याने भिंतीवरचा आरसा मागितला, आजीच्या हातात दिला, पडद्यासमोर धरायला लावला. स्वतः मागे बसून आरशात बघत फोकसचं बटण फिरवू लागला. (आताचे टीव्ही भिंतीला चिकटलेले, मागे मेकॅनिक सोडा, विणलेल्या कव्हरची झालरही मावत नाही. असो.) आजी आरशामागून मान काढून सांगत होती, "थांब! बाईंची टिकली दिसली!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा धूसर. मग त्याने ट्यूबच्या मानेवरचा सॉकेट ओढून काढला. फोकसच्या पिनेवर हिरवट गंज. ओलीतून व्होल्टेज गळत होतं, सेट तापून ओल सुकली की गळती थांबायची. म्हणजे अँटेना नाही, चष्मा नाही, फोकसचं व्होल्टेज! तुम्ही मात्र असा सेट उघडू नका हं, बंद असला तरी ट्यूब झटका देते.

नवा सॉकेट बसला. मेकॅनिकने पैसे सांगितले. आजी म्हणाली, "त्यातून चष्म्याचे वजा कर."