म्हातारा मेंदू कुणाशी ताडून बघायचा?

(परभणीत ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मागं ऐकू येतंय ना? नसेल तर संकोच न करता पुढं या, दोन रांगा रिकाम्याच आहेत. ऐकू येण्याचा आणि मेंदूचा संबंध आहे. त्याकडं मी शेवटी येणार आहे.

मी गंगाखेडची. आमची आजी ऐंशीच्या पुढं गेली तेव्हा “इसरायलंय बाई मला आता” हे तिचं पालुपद झालं होतं. चष्मा कुठं ठेवला ते आठवायचं नाही. सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी सांगता यायचं नाही. पण कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, कोणत्या साली गोदामाईचं पाणी कुठल्या पायरीला लागलं, ते विचारा, चटकन सांगायची. घरातलं जातं बंद पडून तीस वर्षं झाली होती, तरी ओवी सुरू केली की एकीतून दुसरी निघायची. मग आजी विसरत होती की नव्हती? डॉक्टर म्हणाले, “वयाप्रमाणं ठीक आहे.” मी तेव्हा कॉलेजात होते. मला प्रश्न पडला, वयाप्रमाणं म्हणजे कुणाप्रमाणं?

पुढं मी मेंदूच्या प्रतिमांवर काम करायला लागले, पण माझा प्रश्न अजून तोच आहे.

आधी चार माहितीच्या गोष्टी. वय वाढतं तसं सगळं एकदम ढासळत नाही. कामाचा वेग मंदावतो, एका वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जड जातं, नवीन नाव पटकन चिकटत नाही. पण शब्दसंग्रह, जगाचं ज्ञान, माणसांची पारख या गोष्टी सत्तरीपर्यंत टिकतात, काही वाढतातही. आजीची ओवी आणि आजीचा चष्मा हे मेंदूच्या दोन वेगळ्या खात्यांतले व्यवहार आहेत.

मेंदू आकारानंही थोडा कमी होतो. पस्तिशीनंतर वर्षाला साधारण ०.२ टक्के, साठीच्या आसपास अर्धा टक्का. कपाळामागचा भाग जास्त आटतो, डोळ्यांनी बघण्याचं काम करणारा मागचा भाग बराच शाबूत राहतो. आपल्याला लहानपणी सांगायचे की रोज हजारो पेशी मरतात आणि म्हातारपणी डोकं रिकामं होतं. १९९७ साली डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी पेशींची रीतसर मोजणी छापली. विशीपासून नव्वदीपर्यंत मिळून मेंदूच्या पृष्ठभागातल्या चेतापेशी सुमारे १० टक्के कमी होतात, एवढंच निघालं. बाकी आटणं हे पेशी बारीक होण्याचं, त्यांच्या फांद्या आणि जोडण्या विरळ होण्याचं आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर कडुलिंबाची पानं गळतात म्हणून कुणी झाड वठलं म्हणत नाही, तसंच काहीसं.

आता हे जिवंत माणसात बघायचं कसं? त्यासाठी एमआरआय. पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना त्याबद्दल २००३ चं नोबेल मिळालं. यात क्ष-किरण नसतात. असतं ते चुंबक, आणि चुंबक म्हणजे केवढं? नेहमीचं दीड टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट जोराचं असतं. म्हणून आत जाताना अंगावर धातू चालत नाही. पुस्तकात हे एका ओळीत असतं. प्रत्यक्षात आपल्याकडची सत्तरीची बाई समोर बसते तेव्हा त्यात अर्धा तास जातो. पिना निघतात, पाटल्या साबण लावून निघतात, कानातलं निघतं. जोडवी निघत नाहीत, कारण बोटं सुजलेली, आणि मंगळसूत्र काढायचं म्हटलं की त्या नातवाच्या तोंडाकडं बघतात. मग हातावरचं गोंदण. हल्लीच्या काही शाईत लोह असतं, ते तापू शकतं, म्हणून विचारावंच लागतं. “कशाचं गोंदलंय?” एक आजी म्हणाल्या, “काजळीचं. साठ वरसं झाली, तुझ्या मशीनला काय करतंय ते?”

एवढं करून फोटो मिळतो तो मेंदूच्या रचनेचा. काम करताना मेंदू बघायचा तर दुसरी रीत. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तातला प्राणवायू हीच खूण म्हणून वापरता येते. जो भाग कामाला लागतो तिकडं रक्त जास्त धावतं. प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्र जरा बिघडवतं, प्राणवायू धरलेलं बिघडवत नाही, आणि हा फरक यंत्र टिपतं. म्हणजे लक्षात घ्या, आपण विचार बघत नाही, पेशीही बघत नाही. रक्त बघतो.

हे जायकवाडीच्या कालव्यावर शेती असणाऱ्यांना लगेच कळेल. चारीला किती पाणी आलं यावरून कोण भिजवतंय याचा अंदाज बांधायचा, असा हा प्रकार. पण चारीत गाळ असेल तर? शेतकरी दारं धरून उभाच आहे, पाणी मात्र उशिरा आणि कमी येतं. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, बीपी असेल तर आणखी. तेव्हा पंचविशीच्या मुलाच्या स्कॅनमध्ये ठिपका लाल दिसला आणि सत्तरीच्या काकांच्या स्कॅनमध्ये फिका, एवढ्यावरून काकांचा मेंदू आळसावला असं म्हणणं चूक. गाळ किती ते आधी मोजावं लागतं. त्यासाठी आम्ही लोकांना आत थोडा वेळ श्वास धरायला सांगतो, म्हणजे विचार न करता नुसतं रक्त कसं वाढतं ते कळतं. सुरुवातीच्या काळात हे फार कुणी करत नव्हतं. त्या काळातले काही निष्कर्ष मी आजही जरा जपूनच वाचते.

यातला सगळ्यात रंगतदार वाद सांगते. तरुण माणूस शब्द आठवताना कपाळामागच्या भागाची एकच बाजू जास्त वापरतो. वृद्धांमध्ये दोन्ही बाजू उजळलेल्या दिसल्या. रोबेर्तो काबेझा यांनी २००२ मध्ये या निरीक्षणाची नीट मांडणी केली. अर्थ काय लावायचा? एक पक्ष म्हणतो, ही भरपाई आहे, एका बैलाला ओढेना म्हणून दुसरा जुंपला. दुसरा पक्ष म्हणतो, छे, कामाची वाटणी विस्कटली, आता कुणीही कुठंही राबतंय. पहिला अर्थ ऐकायला गोड, म्हणून तो फार पसरला. मग स्वीडनमधल्या उमेओ शहरातल्या संशोधकांनी काय केलं बघा. त्यांच्याकडं १९८८ पासून त्याच त्या माणसांच्या नोंदी होत्या. त्यांनी तरुण आणि वृद्ध शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा वृद्धांचा कपाळामागचा भाग जास्तच उजळलेला दिसला. पण त्याच वृद्धांना सहा वर्षांनी पुन्हा यंत्रात घातलं, तर तो उजेड कमी झालेला निघाला. एकाच गटातल्या माणसांबद्दल दोन उलट उत्तरं! कारण सत्तरीत स्वतःहून प्रयोगाला येणारा माणूस मुळातच तल्लख असतो. तो तरुणपणीही तसाच उजळत असेल. तो वाढलेला उजेड वयानं आला नव्हता, तो त्या माणसाचा होता. हे २०१० मध्ये छापून आलं आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना जुने आलेख काढून पुन्हा बघावे लागले.

खरं तर हा धडा जुना आहे. अमेरिकेत सिअॅटल इथं वॉर्नर शाय यांनी १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच लोकांना परत तपासलं. वेगवेगळ्या वयाची माणसं एका दिवशी तपासली तर बुद्धी तिशीपासूनच उतरणीला लागलेली दिसते. तोच माणूस वर्षानुवर्षं बघितला तर बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकतात. पहिली उतरण बरीचशी पिढ्यांची होती, त्यांच्या शाळेची, खाण्याची, आजारपणाची.

आपल्याकडं याचा अर्थ किती मोठा होतो! या सभेत जे सत्तरीचे आहेत ते ७२ च्या दुष्काळात सतरा-अठरा वर्षांचे होते. किती जणांनी खडी फोडली? हात वर करा... बघा. मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, शाळा सुटली ती सुटलीच. जे नव्वदीला टेकलेत त्यांनी निजामाच्या राजवटीत अलिफ-बे गिरवलं आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर त्यांच्या शाळेची भाषाच बदलली. यांच्या शेजारी आज लातूरला नीटचा क्लास लावलेली नात बसवायची, दोघांना स्क्रीनवर आकड्यांची परीक्षा द्यायची, आणि जो फरक येईल त्याला “वय” म्हणायचं?

परीक्षांची तऱ्हाही तशीच. स्मरण आणि समज तपासायच्या, जगभर चालणाऱ्या एका चाचणीत माणसाला एक वाक्य लिहायला सांगतात. ज्या बाईनं पाटी कधी हातात धरली नाही तिचे गुण तिथंच गेले. दिल्लीजवळ बल्लभगढला नव्वदच्या दशकात संशोधकांनी न शिकलेल्यांसाठी त्या चाचणीचं हिंदी रूप मुद्दाम बांधलं, ते फार मोलाचं काम होतं. मी स्वतः एका काकूंना “आज तारीख किती?” विचारलं. म्हणाल्या, “ते न्हाई ठाव. दशमी हाय, उद्या धरायची एकादस.” कागदावर तारखेचा रकाना रिकामा, म्हणजे शून्य. खाली पेन्सिलनं “तिथी बरोबर” लिहून ठेवलं. त्या नोंदीचं काय करायचं हे माझ्या सॉफ्टवेअरला आजही ठाऊक नाही.

आणि नुसती चाचणी नाही, नकाशाही परका. स्कॅन आला की तो एका “प्रमाण मेंदू”वर बसवतात, म्हणजे कोणता भाग कुठं ते कळतं. सगळ्यात जास्त वापरला जाणारा नकाशा कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमध्ये १५२ तरुण माणसांच्या स्कॅनवरून बनला. आपला मेंदू त्यात बसवताना ताणावा लागतो. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेनं शंभर भारतीयांवरून नकाशा केला, तेव्हा आपला सरासरी मेंदू लांबी-रुंदी-उंचीला थोडा लहान निघाला. लगेच वाईट वाटून घेऊ नका, आपली हाडंपेरंही तशीच आहेत. धोका वेगळाच आहे. पाश्चात्य मापाशी ताडलं तर आपला धडधाकट म्हातारा “आटलेला” ठरू शकतो.

चांगली गोष्ट अशी की दूरच्या मापांवर विसंबायची वेळ आता सरत चालली आहे. बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागात पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार खेडुतांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यायचं काम हाती घेतलं आहे, त्यात एमआरआयही आहे. कोरडवाहू मुलूख आहे तो, आपल्यासारखाच. असं काम मराठवाड्यात व्हावं ही माझी हाव आहे, आणि त्याला एक खास कारण आहे.

कारण भाषा. २०१३ मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास छापला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा लागला होता, आणि न शिकलेल्यांतही हा फरक दिसला. म्हणजे हे शाळेचं श्रेय नव्हे. ही पाहणी रुग्णांची होती, निरोगी माणसांची नव्हे, आणि सगळ्याच देशांत असं दिसलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण आपल्या भागाकडं बघा. नांदेड-देगलूरकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कन्नड, बाजारात दखनी, घरात मराठी, तांड्यावर गोरमाटी. भुसारीच्या दुकानातला मुनीम गिऱ्हाईक बदललं की भाषा बदलतो, आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटतही नाही. त्या मुनिमाचा मेंदू साठीत, सत्तरीत, ऐंशीत पाहायला मिळाला तर!

एक चिठ्ठी आली आहे, “आम्ही स्कॅन काढून घ्यावा का?” काही त्रास नसेल तर नको. एका निरोगी माणसाचा एक स्कॅन त्याला फारसं काही सांगत नाही, उलट सत्तरीत दोन पांढरे ठिपके दिसले की घरभर घबराट. ते ठिपके बहुतेक वेळा बारीक रक्तवाहिन्यांची झीज असते आणि बीपी ताब्यात ठेवलं तर ते वाढायचा वेग कमी होतो, हे चाचण्यांत दिसलं आहे. ते पैसे बीपीच्या गोळ्यांना आणि कानाच्या यंत्राला लावा. कमी ऐकू येणं ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येणाऱ्या जोखमींपैकी एक गणली जाते, आणि तरी आपल्याकडं म्हातारा बहिरा झाला की आपण नुसतं जास्त ओरडतो. मागच्या रांगेतले काका, हे तुमच्यासाठीच होतं.

जाता जाता परत त्या गोंदणवाल्या आजी. आम्ही एक स्कॅन “विश्रांती”चा घेतो. डोळे उघडे ठेवायचे, काही करायचं नाही, मुद्दाम कशाचा विचार करायचा नाही. दहा मिनिटं. तरुण पोरं त्यात सरळ झोपी जातात. आजी बाहेर आल्यावर मी विचारलं, “आत काय केलंत?” म्हणाल्या, “हरिपाठ म्हनला. तू हलू नको म्हनलीस, म्हनून व्हट बी हलविले न्हाईत.” सत्तावीस अभंग पुरे झाले नाहीत म्हणून जरा नाराजच होत्या. आमच्या नोंदीत ते चित्र “विश्रांती” म्हणून गेलेलं होतं.

दोन वर्षांनी त्या दुसऱ्या स्कॅनला आल्या. पाटल्या साबण लावून काढल्या, जोडव्यांशी झटापट झाली, टेबलावर आडव्या झाल्या आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “बाई, या खेपेला मनात काय म्हनू?”

मी म्हटलं, “मागच्या वेळचाच हरिपाठ म्हणा.”