काजूचा हंगाम आणि सरकारी कचेरी

श्रोतेहो, नमस्कार.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात काजू फोडण्याचा लहानसा कारखाना चालवते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, एक बॉयलर, सहा कटर, गर वाळवायचा एक बोर्मा आणि अकरा बायका. राज्यात उद्योगधंदा वाढावा म्हणून सरकारची कचेरी कशी असावी, यावर बोलायला मला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. पण मला तो माझ्या शेडच्या दारातून दिसतो, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

काजूची बी आधी वाफेवर घेतात, मग रात्रभर निवू देतात. सकाळी कटरवर एक बाई पायाने पेडल दाबून टरफल चिरते आणि समोरची बाई सुईने गर अलगद बाहेर काढते. टरफलात तेल असतं, ते बोटांना लागलं की कातडी सोलून निघते. म्हणून आमच्या बायका कामाला बसायच्या आधी हाताला खोबरेल चोळतात, वरून राख लावतात. गर अख्खा निघाला तर त्याला भाव. दोनशे चाळीस नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात, इतका तो टपोरा. तोच फुटला की पाकळी होते, अजून फुटला की तुकडा, आणि भाव उतरत जातो. शंभर किलो बी फोडली की हाताशी 22 ते 25 किलो गर येतो. आमच्याकडे सगळ्यांत जुन्या कामगार बाईंना सगळे वयनी म्हणतात. त्यांच्या हातून दिवसाला फुटलेले गर मूठभरसुद्धा निघत नाहीत. ही विद्या कुठल्या शाळेत मिळत नाही.

आता मुद्द्याचं सांगते. बी मार्चमध्ये पडायला लागते आणि मे संपता संपता हंगाम आटोपतो. या तीन महिन्यांत वर्षभर पुरेल एवढी बी विकत घेऊन, उन्हात खडखडीत वाळवून पोत्यांत भरून ठेवावी लागते. शेतकरी रोख पैसे मागतो, आणि त्याचं बरोबर आहे, त्याचंही वर्ष त्याच तीन महिन्यांवर चालतं. म्हणजे माझा सगळा पैसा मार्च ते मे या काळात जातो आणि चतुर्थी, दिवाळी, नाताळ करत बारा महिने थोडा थोडा परत येतो. काजूच्या धंद्याचं पंचांग हे असं आहे.

एका वर्षी मी खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी नोव्हेंबरमध्ये अर्ज दिला. मुद्दाम लवकर दिला. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, पंचायतीचा परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, बॉयलरचं प्रमाणपत्र, अन्न परवाना, तीन वर्षांचे हिशेब, सगळं जोडलं होतं. जानेवारीत कळलं की उताऱ्याची प्रत जुनी झाली, नवी आणा. नवी आणली तोवर एका परवान्याची मुदत संपत आली होती, त्याचं नूतनीकरण करून आणा म्हणाले. ते करायला गेले तर तिथे वेगळाच कागद मागितला. वाळपईहून साखळी, डिचोली करत बसने पणजीला जायचं, दुपारी साहेब मीटिंगला गेलेले, संध्याकाळी परत. असे पाच हेलपाटे झाले. मंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि कोठीत अर्धीसुद्धा पोती भरली नव्हती. त्या वर्षी डिसेंबरनंतर मला सहा बायकांना घरी बसवावं लागलं.

श्रोतेहो, मला कुणी लाच मागितली नाही, कुणी उर्मटपणे बोललं नाही. प्रत्येक टेबलावरचा माणूस त्याचं काम नियमाने करत होता. पण मार्च महिना कुणाच्याच टेबलावर नव्हता. तो एकटा माझ्या डोक्यावर होता.

म्हणून मला हवी असलेली कचेरी ती, जिच्या भिंतीवर आमचं पंचांग लावलेलं असेल. काजूवाल्याला मार्च कधी येतो, मासळी सुकवणाऱ्याला पावसाच्या आधी किती दिवस उरतात, किनाऱ्यावर पर्यटकांसाठी झोपडीवजा खानावळ घालणाऱ्या शॅकवाल्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो म्हणजे त्याचा परवाना कधी हातात पडायला हवा, हे तिथल्या माणसाला न सांगता ठाऊक असेल.

गोव्यात उद्योगासाठी कचेऱ्या झाल्या नाहीत, असं मी म्हणणार नाही. पोर्तुगिजांपासून मुक्तीच्या वेळी आपल्याकडे खाणी होत्या, शेती-बागायत होती, मासळी होती, आणि कारखाना म्हणावा असं फार थोडं होतं. 1965 साली कायदा झाला आणि त्यातून औद्योगिक विकास महामंडळ उभं राहिलं. वेर्णा, कुंडई, बेतोडा, तुये, डिचोली, आमच्याकडे होंडा आणि पिसुर्ले, या वसाहती त्या महामंडळाच्या. सत्तरीतली किती घरं या वसाहतींतल्या पगारावर उभी राहिली, ते सकाळी सात वाजता होंड्याच्या तिठ्यावर उभं राहिलं की कळतं. पुढे 1975 मध्ये आर्थिक विकास महामंडळ आलं. त्याने कर्जं दिली आणि पणजीत पाटोची दलदलीची जागा भरून तिथे आजचं सगळं कचेऱ्यांचं शहर वसवलं. मुख्यमंत्री रोजगार योजनेची कर्जं त्याच महामंडळातून मिळतात. त्या पैशांवर कुणी रिक्षा घेतली, कुणी शिलाई मशीन, कुणी पिठाची गिरण घातली. 1980 साली हस्तकला आणि लघुउद्योगांसाठी वेगळं महामंडळ झालं. 2014 मध्ये गुंतवणूक प्रोत्साहनाचा कायदा आणि मंडळ आलं, मोठ्या प्रकल्पांना परवानग्या एका खिडकीतून मिळाव्यात म्हणून.

यांतल्या प्रत्येकाने काही ना काही दिलं, ते मी मानते. कुणी जमीन दिली, कुणी पैसा दिला, कुणी मोठ्या गुंतवणूकदारासाठी वाट मोकळी केली. पण माझ्यासारख्याच्या सोबत पहिल्या अर्जापासून पहिल्या मालापर्यंत चालणारं माणूस कुणाकडे नाही. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. माझ्याकडे मीच असते, आणि मी पणजीला गेले की शेड बंद असते.

खाणींचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण मी सत्तरीची आहे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे थोड्या चालू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीज, म्हणजे भाडेपट्टे, रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. न्यायालयाने का थांबवल्या, ते सगळ्यांना माहीत आहे, आमच्या शेतांत आणि विहिरींत काय उतरलं तेही आम्ही पाहिलं आहे. मला आठवतात ते अंगणात उभे राहिलेले ट्रक. हप्ते चालू, चाकं थांबलेली. टायर जमिनीत रुतून गवत वर आलं. ट्रकवाला, गॅरेजवाला, टायर पंक्चरवाला, चहाच्या गाड्यावरची बाई, सगळे एकाच आठवड्यात बसले. कर्जांत सवलत देणारी योजना नंतर आली आणि तिची गरज होतीच. पण सवलतीने मागचं फिटतं. पुढे काय करायचं, हे विचारायला त्या माणसांनी कुठल्या दारात जायचं होतं? माझा दीर तेव्हा दोन वर्षं ट्रकजवळ बसून होता. ट्रक चालवण्यापलीकडे त्याला गाडीचं सगळं दुरुस्तीचं काम येत होतं, पण त्यावर धंदा उभा राहू शकतो असं त्याच्यासमोर बसून, कागद-पेन्सिल घेऊन कुणी बोललं नाही. राज्याची आर्थिक वाढ बघणारी कचेरी असेल, तर असल्या आठवड्यात तिची माणसं पिसुर्ल्याच्या पारावर दिसायला हवीत.

आणखी एक गोष्ट. मी स्वतः उद्योग करते, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे असं समजते. लोकांना बाजूला ठेवून आणलेला उद्योग गोव्यात टिकत नाही. फोंड्याच्या केरीला, आमच्या सत्तरीतल्या केरीला नव्हे, नायलॉनचा कारखाना यायचा होता. 1995 मध्ये त्याविरुद्ध गावं उठली, आंदोलनात एक तरुण जिवाला मुकला, आणि कारखाना शेवटी तमिळनाडूत गेला. 2007 च्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रांचं तसंच झालं. सरकारला ती रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं आणि जमिनींचा वाद त्यानंतर कितीतरी वर्षं कोर्टात राहिला. दोन्ही वेळा गावाला कळलं तेव्हा ठरायचं ते ठरून गेलं होतं. पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, गावातल्या किती जणांना काम देणार, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत निघतात. त्यांची उत्तरं घेऊन आधी ग्रामसभेत यायचं आणि मग जमिनीचं बोलायचं, हे या कचेरीचं काम असायला हवं. जो प्रकल्प आपल्या पाण्याला आणि डोंगराला झेपणार नाही, त्याला पहिल्या महिन्यातच तोंडावर नाही सांगणं, हेही तिचंच काम. त्यात उद्योजकाचाही पैसा वाचतो.

मग ती कचेरी कशी असावी? पणजीत अजून एक इमारत नको. तालुक्याच्या ठिकाणी, मामलेदार कचेरीच्या आवारात एक खोली पुरेल. एक अधिकारी, ज्याला गावं ठाऊक आहेत आणि ज्याच्याशी मराठीत, कोकणीत बोलता येतं, लिहून देता येतं. मी कागद एकदाच द्यायचे, खात्या-खात्यांत ते त्याने फिरवायचे. कुठला कागद कुठे आहे ते मला फोनवर कळावं. तारीख टळली तर का टळली, हे संबंधित खात्याने सहीनिशी लिहून द्यावं.

काही जण म्हणतात, मुदत संपली की परवानगी आपोआप मिळाली असं धरावं. सगळ्याच बाबतीत मला ते पटत नाही. बॉयलरची तपासणी वेळ झाली म्हणून कागदावर उरकून चालणार नाही, त्या बॉयलरपाशी माझ्या बायका उभ्या असतात. तपासायला माणूस वेळेवर येऊ दे, नीट तपासू दे, इतकंच माझं म्हणणं.

आणि या कचेरीने आमची वसुलीही बघावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात स्पष्ट आहे की नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि राज्याच्या परिषदेपुढे दाद मागता येते. आता ऐकणाऱ्यांत कुणी लोणचं-पापड, सोलं, मसाला हॉटेलांना पुरवत असेल तर त्यांनी हे जरूर लिहून घ्यावं, आणि उद्यम नोंदणी केली नसेल तर करून घ्यावी, ती ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. माझेच दिवाळीला दिलेल्या मालाचे पैसे एकदा पावसाळ्यात मिळाले. मी दाद मागायला गेले नाही, कारण पुढच्या दिवाळीची ऑर्डर त्याच माणसाकडून हवी होती. आमच्या जागी सरकारी खोलीतून एक फोन गेला असता, तर माझा संबंध बिघडला नसता आणि पैसेही सुटले असते.

फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मागाहून गोव्याच्या काजूलाही मिळालं. अभिमान वाटतो. पण बाहेर देशातून आलेली बी फोडून गोव्याचा काजू म्हणून पाकीट विकणारे बाजारात तसेच आहेत. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव कसं नोंदवायचं, पाकिटावर काय छापायचं, हे आमच्या भागातल्या लहान कारखानदारांना शेडवर येऊन कुणीतरी शिकवायला हवं.

तुळशीची लग्नं झाली. आता थंडी पडली की झाडांना मोहोर धरेल. वयनींनी काल कटरची पाती काढून धार लावायला दिली, कोठीतली जुनी पोती झटकून उन्हात घातली आहेत. या वर्षीचा माझा अर्ज परवाच गेला. त्याचा नंबर आणि तारीख मी बियांच्या हिशेबाच्या वहीत, मार्चच्या पानावर लिहून ठेवली आहे.

नमस्कार.