फाळक्यांच्या घरचा सिनेमा

[पडद्यावर: मूकपटाचा तुकडा. फाळके फिल्मची पट्टी उजेडात धरून पाहताहेत.]

फिल्मची पट्टी उजेडात धरून एकेक चौकट निरखणारे हे धुंडिराज गोविंद फाळके. सिनेमा कसा तयार होतो ते लोकांना कळावं म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसून ही फिल्म काढून घेतली. म्हणून आज ते आपल्याला काम करताना दिसतात. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सगळेच ओळखतात. आम्हाला त्यांच्या घरात डोकावायचं आहे.

[त्र्यंबकेश्वर. ब्रह्मगिरी, पावसाळी ढग.]

30 एप्रिल 1870 रोजी इथे त्यांचा जन्म झाला. 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश, नंतर बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, शिल्प, छायाचित्रण, जे दिसेल ते शिकायचं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला; प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं, स्टुडिओ बंद झाला. पुढे जादूचे प्रयोग केले, पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, ती सोडून छापखाना काढला. तिरंगी छपाई शिकायला 1909 मध्ये थेट जर्मनी गाठली. भागीदारांशी बिनसलं तेव्हा तोही छापखाना सोडून दिला.

चाळिशी गाठलेली, पदरी मुलं, हाताला काम नाही. अशा वेळी मुंबईच्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. दुसऱ्या खेळाला पत्नी सरस्वतीबाईंना सोबत नेलं. मग अहोरात्र प्रयोग. इतके, की काही काळ दृष्टीच गेली. ती परत येताच विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या सुरुवातीला ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी मदत केली, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघायला मिळालं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन गडी परत आला.

[कुंडीतला कोंब. वेगाने वाढणारं रोप.]

हे रोप आम्ही नव्याने चित्रित केलं आहे, रीत मात्र त्यांचीच. कुंडीत वाटाणा पेरायचा, कॅमेरा हलू द्यायचा नाही, ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपायची. कितीतरी दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटाभरात उलगडते. ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळवला.

[अंधाऱ्या खोलीत हातयंत्र. फक्त हात दिसतात.]

आता या हातांकडे पाहा. कोरी फिल्म यायची ती कडेला भोकं न पाडलेली. ही भोकं नसतील तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म पुढे ओढणार कशी? उजेडाचा एक कवडसाही परवडणारा नव्हता, म्हणून रात्री, अंधारात, लहानशा हातयंत्राने दोन्ही कडांना भोकं पाडायची. एक भोक केसभर सरकलं तरी पडद्यावरचं चित्र थरथरणार. हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवणंही त्यांच्याकडेच. दिवसा दादरच्या घराजवळ चित्रीकरण चाले तेव्हा उन्हाची तिरीप नटांच्या तोंडावर पडावी म्हणून त्या पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभ्या राहत. आणि 60-70 माणसांचा स्वयंपाक. ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या चित्रपटात राणी तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा त्यांनाच विचारलं गेलं. त्यांनी नकार दिला. एवढं सगळं सोडून रंग लावून उभं राहायला त्यांना सवड कुठे होती!

भारतातला पहिला कथाचित्रपट फाळक्यांनी काढला, हे वाक्य आम्हाला अर्धवट वाटतं. तो फाळके दांपत्याने काढला.

[‘राजा हरिश्चंद्र’: हौदातला प्रसंग.]

हौदात ओल्या साड्यांनिशी खेळणाऱ्या या सगळ्या सख्या पुरुष आहेत. तारामती झालेले अण्णा साळुंके ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात कामाला होते. रोहिदास मात्र घरचाच, मुलगा भालचंद्र. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

मग नाशिक, 1918 ची हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी मतभेद, काशीचा मुक्काम, परतणं, 1937 चा ‘गंगावतरण’ हा एकमेव बोलपट, आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला मृत्यू.

त्यांचे बहुतेक चित्रपट आज नाहीत. जे उरलं त्यात 1919 चा ‘कालिया मर्दन’ आहे.

[‘कालिया मर्दन’: सुरुवात.]

कथा सुरू होण्याआधी कृष्णाचं काम करणारी मुलगी कोण, ते फाळके प्रेक्षकांना दाखवतात. ही मंदाकिनी, त्यांची लेक, सातेक वर्षांची. राग, हसू, रडू, एकामागून एक भाव ती करून दाखवते आणि बघता बघता मोरपीस लावलेला कृष्ण होते. कॅमेऱ्याच्या मागे वडील आहेत. हा तुकडा आम्ही न कापता, निवेदनाविना दाखवत आहोत.