सोळा पेन्स की अठरा पेन्स?

मंडळी, मघाशी दारातच एका तरुणानं मला विचारलं, "सर, १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता ना?" बार्शीत, पंढरपुरात, इथं सोलापुरात, जाईन तिथं हा प्रश्न येतो. आपण फळ्यावर हिशेबच करू. त्या वेळी रुपया पौंडाला बांधलेला होता. एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै (रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै) आणि एक पौंड म्हणजे ४.०३ डॉलर. घाला भागाकार. डॉलरला सुमारे ३ रुपये ५ आणे पडतात. स्वातंत्र्याच्या वेळी एकास एक नव्हतं.

मला बोलायचंय ते त्या १३ रुपये ५ आणे ४ पैंबद्दल. असा आडनिडा आकडा आला कुठून?

जुन्या मराठीत विनिमय दराला हुंडणावळ म्हणत. तेव्हाचा रुपया चांदीचा, वजनाला एक तोळा, त्यात बारातले अकरा भाग शुद्ध चांदी. इंग्लंडचं नाणं सोन्याचं. म्हणजे हुंडणावळ हा खरं तर चांदी-सोन्याच्या भावाचा खेळ. १८७० च्या सुमाराला रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्स मिळत; पेन्स म्हणजे इंग्लंडची सुटी नाणी, २४० चा एक पौंड. मग जर्मनी सोन्याच्या चलनावर गेली, इतर देश तिच्या मागोमाग गेले आणि चांदी कोसळली. सोलापुरात पहिली गिरणी उभी राहिली ती याच दशकात. रुपया घसरत गेला, तसा आपल्या गिरण्यांना आपोआप आडोसा मिळाला, कारण मँचेस्टरचं कापड रुपयात महाग पडू लागलं.

सरकारची मात्र कोंडी झाली. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जाचं व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च हे सगळं दरसाल पौंडात पाठवायचं. २४ पेन्सच्या दरानं एका पौंडाला १० रुपये लागत, १३ पेन्सला साडेअठरा. हे जादा रुपये करातूनच यायचे. म्हणून १८९३ मध्ये टाकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा बंद केली, रुपयाची टंचाई केली आणि पाचेक वर्षांत दर १६ पेन्सवर आणून बसवला. एका पौंडाला १५ रुपये. हिशेबाला किती सोपं!

पहिल्या महायुद्धानंतर ही घडी विस्कटली. १९२६ साली भारताच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगानं १८ पेन्सची शिफारस केली. मुंबईचे कापूस-व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास आयोगातच होते. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि १६ पेन्सचाच आग्रह धरला. १९२७ मध्ये कायदा झाला तो १८ पेन्सचा. पौंडाचे पेन्स २४०. त्याला अठरानं भागा, आपले १३ रुपये ५ आणे ४ पै आले.

दोन पेन्सचा फरक तो काय, असं वाटेल. पण बार्शीच्या बाजारात कापूस घालणारा शेतकरी डोळ्यांपुढं आणा. त्याच्या कापसाचा भाव शेवटी लिव्हरपूलला पौंडात ठरायचा. जिथं पौंडामागं १५ रुपये येत, तिथं आता सव्वातेरा-साडेतेरा. शेतसारा मात्र रुपयांतच, एक पैही कमी नाही. आणि परदेशी कापड तेवढंच स्वस्त होऊन आपल्या गिरणीच्या मालासमोर उभं. पुढं १९२९ नंतर जगभर भाव पडले, तरी सरकारनं हा दर सोडला नाही. १९३१ नंतर देशातून सोनं बाहेर वाहू लागलं, त्यात नडलेल्या शेतकऱ्यांच्या घरचे दागिनेही होते. मला स्वतःला १६ पेन्सवाल्यांचं बरोबर वाटतं, निदान त्या काळापुरतं.

पण इथं मी थांबतो, कारण डॉ. आंबेडकरांचा मुद्दा टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९२३ साली लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला. रुपया घसरला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असं सगळे म्हणत होते. त्यांनी विचारलं, फायदा कुणाचा? रुपया घसरला की वस्तूंचे भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. तेव्हा व्यापाऱ्याच्या हाती पडलेला नफा हा मजुराच्या ताटातून उचललेला असतो. माझे वडील गिरणीत साचावर होते. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला घरचं रेशन आठवलं.

पुढचं भरभर सांगतो. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आला, आपण त्याच्यासोबत उतरलो. डॉलर ४ रुपये १२ आण्यांवर गेला. पाकिस्ताननं आपला रुपया खाली आणला नाही. दोन वर्षांपूर्वी एकच असलेला रुपया दुभंगला आणि त्यांच्या १०० ला आपले १४४ असा दर निघाला. आपण तो मानायला नकार दिला, व्यापार ठप्प झाला. सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस आपल्या गिरण्यांना हवा होता, पूर्व बंगालचा ताग कलकत्त्याला. १९५१ च्या फेब्रुवारीत आपण तो दर स्वीकारला, तेव्हा कोंडी फुटली.

६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. या अवमूल्यनाचे दोन आकडे वाचायला मिळतात, ३६.५ आणि ५७.५ टक्के, आणि विद्यार्थी गोंधळतात. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली, म्हणून डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. १९९१ च्या जुलैत १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत रुपया उतरवला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सोनं परदेशी तारण गेलं. ते तर तुमच्यातल्या अनेकांच्या आठवणीतलं आहे.

आज अक्कलकोट रोडवर विणलेला टॉवेल डॉलरमध्ये विकला जातो. डॉलर चढला की निर्यातदाराच्या हाती जास्त रुपये येतात. त्यातून आयात केलेल्या मागाचे सुटे भाग आणि रंग-रसायनं महागतात, ती वजावट तो करतो. मागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या मालावर, रुपयांत. डॉलर वाढला त्या महिन्यात तुमच्या मजुरीचा दर वाढला का, हे समोर बसलेल्या कारखान्यातल्या मंडळींनीच मला सांगावं. माईक तिकडं द्या.