रणांगणावर शिकलेलं शरीर

युद्धाने तरुण सैनिकाचं मन बिघडतं, असं आपण सहज म्हणून जातो. मला वाटतं, ते मन युद्धात शिकतं. फार लवकर शिकतं, फार पक्कं शिकतं, आणि घरी आल्यावर ते शिकलेलं पुसता येत नाही.

आघाडीवर स्फोटाचा आवाज झाला की विचार येण्याआधी अंग जमिनीला टेकलेलं असावं लागतं. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. खरंच धोका आहे का, हे पडताळून ती थांबवण्यात कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो आणि तो भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. अठराव्या वर्षी घंटा जोरात वाजते, ती थांबवणारा हात मात्र अजून कच्चा असतो.

हे कळायला फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द छापला, तेव्हा तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते असा समज होता. पण स्फोटाच्या जवळपासही नसलेले सैनिक तसेच थरथरत होते. मग त्यांना भ्याड ठरवणं सोपं झालं. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने त्या युद्धात गोळ्या घातलेल्या 306 जणांना माफी मिळाली ती 2006 साली! पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांवरून स्वँक आणि मार्शांड या अमेरिकी डॉक्टरांनी 1946 साली मांडलं की सलग 60 दिवस लढल्यावर वाचलेल्यांपैकी 98 टक्के कोलमडतात. आकडा तंतोतंत धरू नका, पण प्रश्न शूर की भित्रा हा नव्हताच.

घरी आल्यावर हा मुलगा भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. बाजार, लग्नघर, गर्दीची बस टाळतो. टाळलं की लगेच हायसं वाटतं, म्हणून टाळणं वाढत जातं. आणि ‘इथे धोका नाही’ हे मेंदूला कळायची वेळच येत नाही. रात्रीचं तसंच. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते, दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढते, पेला पुन्हा भरतो.

पहिल्या काही आठवड्यांत ‘सगळं बोलून टाक’ म्हणून मागे लागू नये. एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याने पुढचा आजार टळत नाही, हे तपासून झालं आहे. त्रास महिन्याहून अधिक टिकला तर मात्र उपचार हवेत. एका प्रचलित पद्धतीत साधारण 8 ते 15 बैठका असतात, प्रत्येकी 90 मिनिटांपर्यंत. रुग्ण डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो. ध्वनिमुद्रण रोज घरी ऐकतो. टाळलेल्या जागी सोप्यापासून अवघडाकडे जातो. सुरुवातीच्या बैठकांनंतर काहींची स्वप्नं तात्पुरती वाढतात. ‘यानं तर उलटंच झालं’ म्हणून इथे उपचार सोडावासा वाटू शकतो. हे आधीच सांगून ठेवावं.

प्रत्येक जखम भीतीची नसते. ज्याच्या हातून निरपराध माणूस मेला किंवा जो मित्राला मागे सोडून आला, त्याला लाज आणि अपराध छळतात. त्याला घाईने ‘तुझा काही दोष नाही’ म्हणू नका. याला काहीच कळलेलं नाही, असं समजून तो गप्प होतो. आधी पुरतं ऐकावं. त्या क्षणी त्याला काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं, हे त्याच्यासोबत वेगळं काढावं.

घरच्यांसाठी एक साधी गोष्ट. तो झोपेत ओरडत असेल तर खांद्याला धरून हलवू नका. हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, पायांच्या बाजूला उभं राहा, दिवा लावा आणि नावाने हाक मारा.