नंबर आल्यावर थांबणारी माणसं

(पुण्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव फार भारदस्त छापलंय: 'आरक्षित विद्युत मोटार आणि ग्राहकाचा विलंब'. मी सरळ प्रश्न विचारतो. विजेवरच्या गाडीचं बुकिंग केलेले इथे किती जण आहेत? हात वर करा. बरं. आणि 'तुमची गाडी आली' असा फोन आल्यावर 'जरा थांबा' म्हणालेले किती? बघा, जवळजवळ तेच हात आहेत. मी तुमचीच बाजू मांडायला आलोय.

कारण तुमच्याबद्दल जे बोललं जातं ते मला सहन होत नाही. ग्राहक कचरतोय, उत्साह ओसरला, हौसेनं नंबर लावला आणि आता पाय मागे घेतोय, असं सर्रास म्हणतात. माझं म्हणणं असं की हा माणूस कचरत नाही, हिशेब करतोय. त्याला निर्णय घ्यायला लावलाय तोच मुळी उलट्या क्रमाने. आधी पैसे भरा. मग कळेल पक्की किंमत, मग कळेल कुठलं व्हेरियंट आधी मिळणार. आणि गाडीला वीज कुठून द्यायची, हे सगळ्यात शेवटी, ज्याचं त्याने बघायचं.

नंबर लावणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चेतक आपल्या आकुर्डीत तयार व्हायची, तरी इथल्या माणसाला ती मिळायला दहा-दहा वर्षं लागायची. परवान्यांचा काळ होता, किती स्कूटरी काढायच्या ते सरकार ठरवायचं. परकीय चलनात पैसे भरले की लवकर मिळायची, त्यामुळे आखातात नोकरी करणाऱ्या मेहुण्याला घरात जावयाइतका मान असायचा! माझ्या वडिलांनी स्कूटरचा नंबर लावला तेव्हा मी तिसरीत होतो. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा दहावीत. त्या संध्याकाळी आईने पेढे वाटले. 'आत्ता नको, पुढच्या महिन्यात नेतो' असं म्हणायचं वडिलांच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि ते बरोबरच होतं. पेट्रोल पंप आधीपासून कोपऱ्यावर होता, स्कूटर जिन्याखाली मावत होती. हार घालायचा तेवढा बाकी होता.

आता माझी गोष्ट. कोथरूडची आमची सोसायटी १९९८ सालची, अठ्ठेचाळीस फ्लॅट. २०२४ च्या फेब्रुवारीत मी गाडी बुक केली. एप्रिलमध्ये शोरूममधून फोन आला, 'सर, गाडी यार्डात आलीय, कधी नेताय?' मी म्हटलं, थांबा, चार्जर बसवायला सोसायटीचं ना-हरकत पत्र यायचंय. आठवड्याने पुन्हा फोन. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्या मुलाने अगदी नम्रपणे विचारलं, 'सर, इंटरेस्ट राहिला नाही का?' तो प्रश्न मला लागला. मी रोज संध्याकाळी टेप घेऊन मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत केबलचं अंतर मोजत होतो, अडतीस मीटर भरलं, आणि याला वाटत होतं की माझा रस संपला.

कमिटीचे आक्षेप काय होते तेही सांगतो, कारण ती माणसं वाईट नाहीत. आग लागली तर? कॉमन मीटरमधून कोणी गुपचूप वीज घेतली तर? केबल दोघांच्या पार्किंगवरून जाणार, त्यांची संमती कुठे आहे? आणि उद्या सगळ्या अठ्ठेचाळीस जणांनी चार्जर मागितला तर? यातल्या दुसऱ्याला उत्तर सोपं होतं, महावितरणकडून मी स्वतंत्र मीटर घेणार होतो. पहिल्याला उत्तर म्हणून मी एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग, केबलची जाडी, सगळं लिहून दिलं. तिसऱ्यासाठी दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या आणल्या. चौथा आक्षेप मात्र खरा होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग सेक्रेटरी म्हणाले, 'एजीएममध्ये घेऊ.' ही वार्षिक सर्वसाधारण सभा होणार सप्टेंबरअखेर! शोरूमने माझी गाडी दुसऱ्याला दिली. त्यांचंही बरोबर आहे, गाडी यार्डात किती दिवस ठेवणार?

एजीएमला आमचा विषय आला तो 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' यात. तोवर निम्मे लोक चहाकडे वळलेले. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, 'या गाडीला माझ्या गिझरपेक्षा जास्त वीज लागते का हो?' मी म्हटलं, आजी, साधं चार्जिंग पंधरा अँपिअरच्या प्लगवर होतं, ३.३ किलोवॉट. तुमचा गिझर दोन किंवा तीन किलोवॉटचा असेल. आजी म्हणाल्या, 'म्हणजे रोज सकाळी सात वाजता आपण सगळे मिळून अठ्ठेचाळीस गाड्या चार्ज करतोच की!' सभागृह हसलं, आणि खरं सांगतो, ठराव तिथेच मंजूर झाला. गाडी रात्री बारानंतर चार्जिंगला लावायची, तेव्हा गिझर बंद असतात, एवढी एकच अट घातली गेली. चौथ्या आक्षेपाचं हे संपूर्ण उत्तर नव्हे, गाडी तासन्‌तास वीज घेते आणि ७.२ किलोवॉटचे चार्जर सगळ्यांनी मागितले तर ट्रान्सफॉर्मरचा विचार करावाच लागेल. पण बोलणं सुरू व्हायला ते पुरलं. केंद्राने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमावलीत नव्या इमारतींच्या २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय असावी असं घातलं. आपण राहतो जुन्या इमारतींत. गाडी अडते ती तिथे.

मी दुसऱ्यांदा नंबर लावून गाडी पाडव्याला घरी आणली.

रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती लांब जाते त्याबद्दल, एक सांगतो, कारण समोर टेकडीवर फिरायला जाणारे बरेच दिसतायत. आपण जिला एआरएआयची टेकडी म्हणतो, त्या, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या, संस्थेच्या प्रमाणपत्रातला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा वेगळे असतात. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित आकडा होता ३१२ किलोमीटर, बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची. रोजच्या वापरात बहुतेकांना मिळायचे दोनशे, सव्वादोनशे. पुणे-कोल्हापूर साधारण तेवढंच पडतं. म्हणजे अंबाबाईचं दर्शन होईल की किणी टोलनाक्याच्या अलीकडे... असो. प्रमाणपत्र खोटं नाही, ती चाचणी ठरावीक वेगाच्या आराखड्यावर होते. पण बुकिंगनंतर कोणी एसी लावून खंबाटकी घाटाचा हिशेब मांडत बसला, तर त्याला भित्रा म्हणू नका.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं राहिली. मूळ मुद्दा राहिलाच, आता भराभर सांगतो.

सगळ्यात मोठी रांग अमेरिकेत लागली होती. ३१ मार्च २०१६ ला टेस्लाच्या दुकानांसमोर लोक उभे राहिले, मॉडेल ३ ही नवी गाडी रात्री दाखवायच्या आधीच, हजार डॉलर भरायला. आठवड्यात सव्वातीन लाख बुकिंग झालं. जाहीर किंमत होती ३५,००० डॉलर. जुलै २०१७ मध्ये पहिल्या तीस गाड्या दिल्या, पण सुरुवातीला बनत होती ती मोठ्या बॅटरीची, महागड्या सजावटीची, ४९,००० डॉलरची. पस्तीस हजारांसाठी नंबर लावलेला माणूस थांबला, यात त्याचं काय चुकलं? दुसरीकडे सरकारची ७,५०० डॉलरची करसवलत कंपनीच्या दोन लाख गाड्या विकल्या की उतरणीला लागणार होती. तो टप्पा जुलै २०१८ मध्ये आला, आणि १ जानेवारी २०१९ पासून सवलत निम्मी झाली. आता मांडा. आधी घेतली तर ४९,००० वजा ७,५००, म्हणजे ४१,५००. पस्तीस हजारांची गाडी अखेर २८ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर झाली. ती जूनअखेरपर्यंत हाती आली तर ३५,००० वजा ३,७५०, म्हणजे ३१,२५०. छोट्या बॅटरीवर ज्याचं भागत होतं, त्याचे थांबून दहा हजार वाचले. निम्मी सवलत गमावूनही!

आपल्याकडे तेच. चाकणच्या महिंद्राच्या दोन गाड्यांना १४ फेब्रुवारी २०२५ ला, पहिल्याच दिवशी, ३०,१७९ बुकिंग मिळालं. तिथेही सर्वात वरचं पॅक थ्री आधी, खालची पॅक नंतर. स्वस्त पॅकवाल्याने वाट बघायची, हे वेळापत्रक कंपनीनेच दिलेलं.

कराचं म्हणाल तर २०२५ चा सप्टेंबर आठवा. विजेच्या गाडीचा जीएसटी ५ टक्केच राहिला, पण छोट्या पेट्रोल गाडीचा, २८ आणि वर उपकर होता तो, २२ तारखेपासून १८ झाला. दोन्हींच्या किमतीतलं अंतर एका रात्रीत बदललं. शिवाय त्याआधी पितृपक्ष, आणि २२ लाच घटस्थापना. महिनाभर आधी गाडी बुक केलेल्या माणसाने पुन्हा वही उघडली, तर मला तो शहाणा वाटतो. इथे त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला गेला आणि महिना संपायच्या आत मागेही घेतला गेला. ज्याच्या हाती त्या दोन-अडीच आठवड्यांत गाडी येणार होती, त्याने काय करायचं होतं?

जुनी गाडी विकली जाईपर्यंत थांबणारे, कर्जाचा व्याजदर उतरायची वाट बघणारे, यांच्यावर बोलायला वेळ नाही, प्रश्नोत्तरांत घेऊ. शोरूमवाले कोणी आले असतील तर एवढंच सांगतो: फोनवर 'इंटरेस्ट आहे का' विचारू नका, 'पार्किंग कुठे आहे' विचारा. आणि ते बुकिंग घेतानाच विचारा.

आमच्या सोसायटीला दिलेल्या अर्जाची, केबलच्या आराखड्याची आणि मंजूर ठरावाची प्रत बाहेर टेबलावर ठेवलीय. चाळीस प्रती आहेत. कमी पडल्या तर फोटो काढून घ्या.