पोच घेतलीस का?

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा नाहीतर पदवीचा निकाल हातात घेऊन बसलेली मुलं आणि त्यांचे आईवडील ऐकत असतील, म्हणून आधी कामाचं सांगतो. वकिलीच्या शिक्षणाला दोन वाटा आहेत: बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून उभं आहे. इथली कायद्याची कॉलेजं हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाखाली येतात, ते २००९ साली निघालं. आणि हायकोर्टाचं काम बघायला बेंगळूर गाठायला नको. धारवाडचं खंडपीठ २०१३ पासून कायमचं झालंय. सकाळच्या गाडीनं गेलं की रात्री जेवायला घरी.

मी अशाच एका कॉलेजात राज्यघटना आणि प्रशासकीय कायदा शिकवतो. मराठी शाळेतून आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, सीमेच्या केसचं काय होणार?" मी थोडक्यात सांगतो. दोन राज्यांचं भांडण घटनेच्या कलम १३१ खाली थेट सुप्रीम कोर्टात जातं, महाराष्ट्राचा दावा २००४ चा आहे, आणि त्यात तू पक्षकार नाहीस, मीही नाही. तारीख पडेल तेव्हा पडेल. पण जी कलमं तुझ्या नावानं लिहिलीत ती तू कधी उघडलीस का? वर्ग गप्प.

कलम ३५० घ्या. आमच्याकडे परीक्षेत त्यावर फार तर एखादी टीप येते, आणि मुलं ती पाठ करून विसरतात. कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. मराठी इथे वापरात आहे हे कुणी सिद्ध करत बसायला नको, शनिवारच्या बाजारात उभं राहिलं तरी पुरे. त्याला जोडून १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं ३५० अ आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीचं, आणि ३५० ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचं.

मात्र कायदा वाचायचा तर पूर्ण वाचावा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा झाला, तर २००५ चा कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणजे इथे कन्नड, एवढंच म्हणतो. म्हणजे गाऱ्हाणं मराठीत चालतं, माहिती मागायची तर मराठी चालत नाही. आणि ३५० सुद्धा अर्ज देण्याचा हक्क देतं, उत्तर त्याच भाषेत मिळेल असं म्हणत नाही. भाषणं ठोकणारे ही दोन वाक्यं सोडून देतात.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. शेजारच्या आजींचा पगार चार महिने बंद होता. म्हातारपणाच्या पेन्शनला आपल्याकडे पगारच म्हणतात. मला तो शब्द आवडतो, त्यात हात पसरल्याचा सूर नाही. आजी कचेरीत तीनदा जाऊन आल्या. खिडकीपलीकडून एकच उत्तर: "वरूनच बंद झालंय."

प्रशासकीय कायदा हा सगळा विषय या 'वरून'वर उभा आहे. वरून म्हणजे कुणी? कोणत्या अधिकारात? आधी विचारलं का? १९७७ मध्ये सरकारनं इंदिरा गांधींच्या सूनबाई मनेका गांधींना पासपोर्ट जमा करायला सांगितला, कारण विचारलं तर जनहितासाठी ते देता येत नाही म्हणाले. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसती कायद्यात लिहिलेली पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी, ज्याचं जातंय त्याचं ऐकून घ्यायला हवं. केस मोठ्या घरची, पण निकाल खानापूरच्या आजींनाही लागू.

त्याआधी १९६९ चा क्रैपक खटला. जम्मू-काश्मीरच्या वनखात्यातला एक अधिकारी स्वतः उमेदवार होता आणि निवड मंडळावरही बसला होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं निघाली तेव्हा बैठकीत होता. कोर्टानं ती निवड रद्द केली. आपल्या आखाड्यात पंचानं लंगोट कसला तर पोरंसुद्धा हसतील. हे कोर्टाला मात्र शंभर वेळा सांगावं लागतं.

मानवी हक्क म्हटलं की मुलांना जिनिव्हा आठवतं. मी यल्लम्माच्या सौंदत्तीपासून सुरू करतो. मुली देवाला सोडायची चाल बंद करायला मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकानं १९८२ मध्ये नवा केला. १९८२ च्या त्या कायद्यात सोडणारे आईबाप असतील तर शिक्षा जास्त ठेवली. ऐकायला बरोबर वाटतं ना? मग मी विचारतो, फिर्याद देणार कोण? ती मुलगी? आईला तुरुंगात धाडून परत कुणाच्या घरी जाणार ती? तो तास कधी वेळेवर संपलेला नाही. निपाणीकडची मुलं सगळ्यात कमी बोलतात त्या दिवशी, आणि मी त्यांना बोलतं करत नाही.

तर आजींचा अर्ज. मुलीनं तो मराठीत लिहिला, खाली कन्नड भाषांतर जोडलं. पगार कधीपासून बंद, नोटीस आली नाही, कारण लेखी द्यावं, बस्स. वर कलम ३५०. खिडकीवरचे म्हणाले, कन्नडमध्येच आणा. तिचं कन्नड माझ्याहून चांगलं. तिनं शांतपणे कन्नडमध्ये सांगितलं, "अर्ज आजींचा आहे, भाषा आजींची आहे. घ्यायचा नसेल तर घेत नाही असं लिहून द्या." आतल्या टेबलापर्यंत कागद फिरून आला आणि शिक्का बसला. संध्याकाळी फोनवर मी एवढंच विचारलं, पोच घेतलीस का? आजींनी ती घडी घालून चंचीत ठेवली होती, पानासुपारीबरोबर.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. कन्नडमध्ये. मुलीनं ओसरीवर बसून ते वाचून दाखवलं: पडताळणीच्या वेळी लाभार्थी पत्त्यावर आढळल्या नाहीत. आजी म्हणाल्या, "काजू वेचायला गेलो होतो की गं मी. सगळ्या गावाला ठाऊक हाय. इचारायचं तर हुतं कुणाला तरी."

ते वाक्य जसंच्या तसं दुसऱ्या अर्जात घातलंय. त्याचीही पोच घेतली आहे.

नमस्कार.